वगळण्याचे शास्त्र

एखादा कारखाना, एखादी खाण वा एखादे धरण उभे राहण्यापूर्वी त्यापायी हवा, पाणी, जमीन, जंगल आणि माणूस यांचे काय होणार हे आधी तपासून पाहावे, या तत्त्वाशी उघड वैर धरील असा माणूस आज दिवा घेऊन शोधला तरी सापडावयाचा नाही. सरकारने तर हे तत्त्व केव्हाच शिरोधार्य मानले आहे. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा, त्याच्या आधारे २७ जानेवारी १९९४ रोजी निघालेली पहिली अधिसूचना, तिची जागा घेणारी १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आणि तिच्या पाठोपाठ खाणी, विमानतळ, बंदरे, सिमेंट, साखर अशा एकेका धंद्यासाठी केंद्रीय मंत्रालयाने काढलेल्या जाडजूड मार्गदर्शिका, प्रपत्रे आणि ठरीव कार्यकक्षा! कागदाला कसलाही तोटा नाही. छाननी, कार्यकक्षा, लोकांचा विचार घेणे आणि तज्ज्ञांचा निवाडा अशा चार पायऱ्याही बांधून दिल्या आहेत.

हे कागद आम्ही चवीने वाचले. वाचून आमचे मत असे झाले की, काय तपासावे यापेक्षा काय तपासू नये याचे शास्त्र त्यांत अधिक बारकाईने रचलेले आहे. आणि दुर्दैव असे की, त्यांत जे जे वगळले गेले आहे ते बरेचसे नेमके आमच्या सीमाभागाच्याच अंगणात येऊन पडते.

पहिले वगळले आहे ते पावसाला. ठरीव कार्यकक्षेप्रमाणे प्रकल्पाभोवती साधारणतः दहा किलोमीटरच्या परिघात एका ऋतूची मोजणी करावयाची, आणि तो ऋतू पावसाळा नसावा! नदीखोऱ्यांतील धरणांना मात्र पावसाळ्यासह निरनिराळ्या ऋतूंची मोजणी सांगितली आहे; तेवढी बुद्धी शाबूत राहिली म्हणावयाची. बाकीच्यांना पावसाची माफी. याला कारण नाही असे नाही. पावसात हवेतील धूळ बसते, म्हणून हवेची खरी मलिनता कोरड्या दिवसांत कळते, हे आम्हांसही समजते. पण हवेपुरता जो नियम ठीक, तोच पाण्याला, मातीला आणि डोंगराला लावण्यात कोणते शास्त्र आहे? ज्याने हा नियम केला त्याने कणकुंबी-जांबोटीचा आषाढ पाहिलेला नसावा. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीचे जे काही बरेवाईट व्हावयाचे ते या चार महिन्यांत होते. झरे फुटतात ते तेव्हा, ओढे पात्र बदलतात ते तेव्हा, दरडी सुटतात त्याही तेव्हाच. २३ जुलै २०२१ रोजी मंगळूरहून मुंबईस निघालेली आगगाडी दूधसागर व सोनावळी या स्थानकांदरम्यान दरड कोसळून रुळांवरून घसरली. त्या डोंगराची जानेवारीत मोजणी करणाऱ्याच्या वहीत काय आढळणार? आमच्या सड्यांची गोष्ट तर विचारूच नका. श्रावणात जो सडा फुलांनी आणि बेडकांच्या ओरडण्याने जिवंत असतो, तोच माघात कातळाचा उघडा माळ दिसतो. सल्लागार महाशय माघात येतात, ‘ओसाड पठार’ असा शेरा मारतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात.

हे सल्लागार कोणाचे? ज्याचा प्रकल्प, त्याचेच. अहवाल त्यांनी लिहावयाचा, पैसे प्रकल्पवाल्याने मोजावयाचे आणि निष्पक्षपातीपणाची अपेक्षा तुम्ही-आम्ही बाळगावयाची, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालाचे उतारेच्या उतारे उतरवून घेतल्याचे उघडकीस आले होते. कोकणातल्या फणस-आंब्यांचे भवितव्य रशियाच्या बर्फात शोधणाऱ्या या विद्वत्तेवर अधिक भाष्य करण्याची आमची छाती नाही.

आता दुसऱ्या वगळण्याकडे वळतो. आमच्या मते अधिक गंभीर ते हेच.

राज्याराज्यांमधील सीमारेषा ही नाजूक जागा आहे, हे २००६ च्या अधिसूचनेने स्वतःच कबूल केले होते. ज्या प्रकल्पांचा निवाडा एरवी राज्याच्या पातळीवर व्हावयाचा, त्यांतले कित्येक आंतरराज्य सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत आले की ते केंद्राकडे जावेत, अशी साधारण अट तिच्यात घातलेली होती. अट शहाणपणाची होती. घाटमाथ्यावर काय उपटले याचे फळ घाटाखालच्याने भोगावयाचे असते आणि फायदा-तोटा दोन निरनिराळ्या सरकारांच्या खात्यांवर पडला की फायद्याच्या सरकारला तोटा दिसत नाही. परंतु हे शहाणपण फार दिवस सोसवले नाही. २००९ मध्ये त्याला शेपूट जोडण्यात आले: अभयारण्ये, अति-प्रदूषित वा संवेदनक्षेत्रे जवळ नसतील तर दोन्ही राज्यांनी आपापसांत करार करून हे अंतर कमी करावे, किंवा साफ रद्द करावे. २०१४ मध्ये दहाचे पाच किलोमीटर झाले. म्हणजे रेषेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांच्या रक्षणासाठी जी तरतूद, ती दोन राजधान्यांतल्या दोन सचिवांनी सही करून मोडीत काढावी आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांना कोणी विचारूही नये! रेषा कोठे आखावी हे आम्हांस कोणी विचारले नव्हते. रेषेवर काय ओतावे हेही विचारावयाचे नाही, असा हा न्याय दिसतो.

बरे, जनसुनावणीत तरी विचारतात काय? नियम असा आहे की, प्रकल्प एकाहून अधिक जिल्ह्यांत वा राज्यांत पसरला असेल तर प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र सुनावणी घ्यावी. वाचावयास छान वाटते. पण ‘पसरला असेल तर’ या शब्दांत सगळी मेख आहे. सुनावणी प्रकल्पाची जागा पाहून घ्यावयाची, त्याचा धूर, धूळ, गाळ आणि सांडपाणी कोठवर जाते हे पाहून नव्हे. अभ्यासासाठी दहा किलोमीटरचे वर्तुळ काढावयाचे, त्या वर्तुळात पलीकडच्या राज्यातली गावे आली तर त्यांच्या विहिरींचे पाणी बाटलीत भरून न्यावयाचे. मात्र त्या विहिरीचा धनी बोलू लागला की त्याला सांगावयाचे, तुमच्या राज्यात सुनावणी नाही. विहीर अभ्यासक्षेत्रात आणि विहिरीवाला क्षेत्राबाहेर! चंदगडच्या शेतकऱ्याला खानापूरच्या सभेत, दोडामार्गच्या शेतकऱ्याला पेडण्याच्या सभेत बोलू देतीलही. ती अध्यक्षांची मर्जी. पण त्याच्या गावात, त्याच्या जिल्हाधिकाऱ्यासमोर, त्याच्या भाषेत सभा घेण्याचे बंधन कोणावरही नाही.

मोप्याचे उदाहरण समोर आहे. पेडणे तालुक्यातील मोप्याचे पठार गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला; पलीकडे सिंधुदुर्ग. तेथील विमानतळाला २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरणीय मंजुरी मिळाली. प्रकल्पाभोवतीच्या पंधरा किलोमीटरमधील वने आणि संवेदनशील क्षेत्रे अर्जदाराने पहिल्याच प्रपत्रात सांगावयाची असतात. ती सांगितली गेली नाहीत, आणि ही उणीव तज्ज्ञांच्या समितीच्याही नजरेतून सुटली. ती पकडली सर्वोच्च न्यायालयाने. २९ मार्च २०१९ च्या निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी या लपवालपवीवर कडक ताशेरे ओढले, मंजुरी स्थगित केली आणि प्रकरण समितीकडे फेरविचारासाठी धाडले. समितीने आणखी अटी घालून पुन्हा होकार दिला, १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्‌घाटनही झाले. विमानतळ व्हावा की होऊ नये, या वादात आम्ही येथे पडत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, पंधरा किलोमीटरमधले रान कोठे आहे हे शोधण्यासाठी आम्ही दिल्लीच्या न्यायालयाची पायरी चढावयाची काय? मोप्याच्या भोवतालच्या कोणत्याही गुराख्याला ते विचारता आले असते.

गुराख्याला विचारावयाचे तर त्याच्या भाषेत विचारावे लागेल. येथे तिसरे वगळणे येते.

अहवाल शेकडो पानांचा असतो आणि तो इंग्रजीत असतो. नियमाने लोकांच्या भाषेत द्यावयाचा तो केवळ त्याचा सारांश. आणि कोणत्या भाषेत? ‘राज्याची राजभाषा / स्थानिक भाषा’. या दोन शब्दांच्या मध्ये जी तिरपी रेघ आहे, तिच्याकडे आमच्या वाचकांनी डोळे उघडून पाहावे. पुणे वा सातारा जिल्ह्यात या रेघेला काही अर्थ नाही. दोन्ही बाजूंना एकच भाषा आहे. पण खानापूर, बेळगाव, निपाणी, कारवार, जोयडा येथे रेघेच्या डावीकडे एक भाषा आहे आणि उजवीकडे दुसरी. कार्यालयाने डावीकडचा शब्द उचलला की नियम तंतोतंत पाळला जातो आणि गावाला अवाक्षर कळत नाही. वृत्तपत्रांत सूचना द्यावयाची तीही एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. कोणत्या प्रदेशाची भाषा, हे पुन्हा कार्यालयाच्याच हाती.

कन्नड भाषेविषयी आमच्या मनात यत्किंचितही आकस नाही. कन्नड वाचणाऱ्या गावाला कन्नडमध्ये सारांश मिळालाच पाहिजे, आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड गावांना तो महाराष्ट्र सरकारने न मागता दिला पाहिजे. आम्ही मागतो ते सगळ्यांसाठी मागतो. सारांशाची भाषा राज्याच्या नावावरून न ठरविता, ज्या गावाच्या अंगावर प्रकल्प येणार त्या गावाच्या तोंडावरून ठरवावी, आणि सारांशाबरोबर निदान पाणी, जमीन, वस्ती यांविषयीची पूर्ण प्रकरणे त्याच भाषेत द्यावीत.

ही काही आम्ही आज नव्याने काढलेली मागणी नाही. १९५६ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांना जी संरक्षणे देऊ केली, त्यांत ज्या भागात अल्पसंख्य भाषिक लोकसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे ठरलेले आहे. त्यावर देखरेख ठेवण्यासाठी घटनेच्या ३५०-ख या अनुच्छेदाने एक आयुक्तही नेमून दिला आहे. नदीचे पाणी आणि घराखालची जमीन यांच्या भवितव्याची सूचना महत्त्वाची नसेल, तर महत्त्वाची कोणती? पशुप्रदर्शनाची?

केंद्राची वृत्ती काय आहे, हे २०२० साली साऱ्या देशाने पाहिले. २००६ ची अधिसूचना बदलून नवी आणण्याचा मसुदा मार्च २०२० मध्ये, म्हणजे महामारीने सारा देश घरात कोंडलेला असताना काढला गेला. लोकांना हरकतीसाठी मिळणारे तीस दिवस वीसवर आणावयाचे, आधी मंजुरीवाचून प्रकल्प उभारून मागाहून दंड भरून नियमित करावयाचा, असले पराक्रम त्यात योजिले होते. आणि हा मसुदा होता दोनच भाषांत, इंग्रजी व हिंदी. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचा अनुवाद करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. केंद्र सरकारने काय करावे? दहा दिवसांत बावीस भाषांतरकार बसवावेत, की सर्वोच्च न्यायालयात वकील उभा करावा? त्याने वकील उभा केला. कायद्याने आम्ही दोन भाषांनाच बांधलेले आहोत, हा त्याचा युक्तिवाद. इतक्या भाषांच्या देशाचे पर्यावरण दोन भाषांत वाचविण्याची ही प्रतिज्ञा इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे! लक्षावधी हरकतींच्या भाराखाली तो मसुदा त्या रूपात तडीस गेला नाही. परंतु ज्या वृत्तीतून तो निघाला ती मात्र कोठे गेलेली नाही.

मागाहून मंजुरीचे हे प्रकरण म्हणजे वरातीमागून घोडे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२० मध्ये अशी मंजुरी कायद्याच्या मुळावर येणारी असल्याचे म्हटले. १६ मे २०२५ च्या निकालाने तर तिचा रस्ताच बंद केला. आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल परत घेतला. न्यायमूर्तींमध्येच जेथे मतभेद, तेथे आम्ही पामरांनी काय बोलावे? तरीही विचारतो: आधी घर पाडून मागाहून ‘पाडू का?’ असे विचारणाऱ्याला सभ्य म्हणावे काय?

आणि काही गोष्टी तर या यादीतच नाहीत. रेल्वेमार्ग नाही, विजेच्या उच्चदाबाच्या वाहिन्या नाहीत. तिनईघाट, कॅसलरॉक, कुळे या जंगलातून दुसरा लोहमार्ग टाकावयाचा तर या अधिसूचनेखाली त्याचे मूल्यांकन करण्याची गरज नाही! मोलेच्या रानातील त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, ती निराळ्या कायद्याच्या जोरावर. महामार्ग यादीत आहेत, पण अस्तित्वातील रस्त्याच्या रुंदीकरणाला २०१३ पासून शंभर किलोमीटरची सूट आहे. दोन राज्यांत मिळून शंभराहून लांब भरणारा रस्ता सीमेवर तोडला की दोन्ही तुकडे शंभराच्या आत. असे तुकडे पाडून मूल्यांकन चुकविता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बजावले आहे. बजावलेले ऐकू येते किती, तेवढा प्रश्न उरतो.

म्हादईचे तर विचारूच नये. तिचा उगम खानापूर तालुक्यातला, आमच्या घरचा. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. कर्नाटकाच्या वाट्यातून ३.९ अब्ज घनफूट पाणी कळसा व भांडुरा या नाल्यांवाटे मलप्रभेकडे वळविण्यास मान्यता दिली. हे पाणी पिण्यासाठी आहे, आणि पिण्याच्या पाण्याची योजना अनुसूचीत नाही; तेव्हा पर्यावरणीय मंजुरीची जरुरी नाही, असे पत्र केंद्रीय मंत्रालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिले. गोव्यात गदारोळ उठताच डिसेंबरात ते स्थगित ठेवले. हुबळी-धारवाडच्या माणसाची तहान खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याला पाणी मिळालेच पाहिजे. पण ओढा अडविला म्हणजे अडविला. त्या पाण्याने पलीकडे कोणी ऊस भिजवला की घागर भरली, हे ओढ्याच्या खालच्या जंगलाला कळत नाही. तपासणी व्हावयाची ती ओढ्याची. शासन तपासते ते शीर्षक.

आम्हांवर ‘विकासाचे वैरी’ हा शिक्का मारला जाईल. मारावा. बेळगावला चांगला रस्ता, चांगली आगगाडी आणि चार नवे कारखाने हवे आहेत, हे आम्ही याच स्तंभातून अनेकदा लिहिले आहे. आमच्या मागण्या साध्या आहेत. अभ्यासाच्या वर्तुळात जेवढी गावे, तेवढ्यांपर्यंत सुनावणी, मग मधून कोणत्याही राज्याची रेषा जावो. सह्याद्रीतील मोजणीत पावसाळा सक्तीचा. सीमेवरील अंतराचा करार ग्रामसभांच्या ठरावाविना अवैध. आणि कागद गावाच्या भाषेत.

त्या मान्य होतील तेव्हा होवोत. तोवर, जो नियम आज आहे त्यातही थोडी धार शिल्लक आहे, ती आमच्या वाचकांनी ओळखून ठेवावी. सुनावणीची सूचना निघाली की तीस दिवस मिळतात. अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि पंचायतीत पाहावयास ठेवाव्या लागतात. त्या मागाव्यात, आणि नाहीत म्हटले तर तसे लेखी मागावे. हरकत मराठीत लिहावी. घटनेचा ३५० वा अनुच्छेद गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेचा हक्क देतो. ‘या भाषेत चालणार नाही’ म्हणणाऱ्या कारकुनाला तो आकडा सांगावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. स्थानिक परिस्थिती अनुकूल नाही असा अहवाल गेल्यास सुनावणीच टाळण्याची वाट नियमात आहे. आमच्या भागात जमावबंदी ही ऋतूसारखी येते, म्हणून सभेत शांतता राखण्याची जबाबदारी आपलीच समजावी आणि कोणाच्या हाती ते निमित्त देऊ नये. सभेला जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी नाही असा अधिकारी हजर असला पाहिजे, चित्रीकरण झाले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे, सभेच्या शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखविण्याचे बंधन अधिसूचनेतच आहे; सही त्यानंतर, त्याच दिवशी. रात्र झाली तरी चालेल. ते वाचन मराठीत होऊन आपली हरकत त्यात आली आहे याची खातरजमा होईपर्यंत कोणीही सतरंजीवरून उठू नये.